अठरावं खापर

अच्युत गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये लॉनमोवरचं पातं घासत बसलो होतो. शैलाने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, जोशीकाकूंचा फोन आहे, लवकर या," आणि तिच्या आवाजावरूनच कळलं की काहीतरी वाईट आहे. काकू म्हणाल्या, "भालू, अच्युत गेला रे. आज सकाळी, हॉस्पिटलातच. ऑपरेशन थिएटरकडे निघाला होता, कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर टेकला तो उठलाच नाही." मी "अरे देवा" म्हणालो, "निघतोच" म्हणालो, फोन ठेवला. आणि खरं सांगायचं तर... माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता पुढचे सहा महिने सगळे याच्याविषयीच बोलणार. दुःख आलं, नाही असं नाही, पण ते दुपारी आलं. सकाळी आला तो हेवा, नेहमीसारखा, दार न वाजवता.

डॉक्टर अच्युत सबनीस हे नाव तुमच्यापैकी फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे, त्याला लागून श्रूजबरी नावाचं गाव. तिथे आणि आसपास आमची चाळीसेक मराठी कुटुंबं राहतात. अच्युत भूलतज्ज्ञ, मी पुलांचा इंजिनिअर. या चाळीस घरांत तो सगळ्यांचा लाडका होता आणि मी सगळ्यांच्या ओळखीचा होतो. फ्यूनरल होमच्या पार्किंगमध्ये मी उभा राहून गाड्या मोजल्या, साठाच्या पुढे गेल्यावर माझी मलाच लाज वाटली आणि थांबलो. नर्सेस युनिफॉर्मवर आल्या होत्या. हॉस्पिटलची फरशी पुसणारा एक म्हातारा टाय लावून आला होता आणि हुंदके देत होता. नंतर आमची माणसं एकेक करून बोलायला उभी राहिली, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य होतंच... "प्राचीन ग्रीस म्हटलं की आपल्याला अच्युतच आठवणार." मी तिसऱ्या रांगेत बसून मुठी आवळून ऐकत होतो. कारण ग्रीस माझं होतं हो. तो माझ्या घरून घेऊन गेला होता.

सांगलीला शाळेत असताना इतिहासाच्या पुस्तकात ग्रीसवर दीड पान होतं. तेवढ्यावर मी वेडा झालो. वडील म्हणाले, इतिहासाने पोट भरत नाही, इंजिनिअर हो, झालो. पण इथे आल्यावर शनिवारी सकाळी शैला आमच्या लेकीला, मीराला, स्विमिंगला घेऊन जायची आणि मी वूस्टरच्या पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायचो. आठ वर्षं. त्या आठ वर्षांत अकरा वह्या भरल्या, सगळ्या मराठीतून. कुणाला दाखवल्या नाहीत. घराच्या बेसमेंटमध्ये वॉटर हीटरशेजारी एक टेबल, एक दिवा, त्या वह्या. माझं देवघर म्हणा ना.

ऐंशी साल नुकतंच लागलं होतं तेव्हाची गोष्ट. बर्फ पडत होता आणि अच्युतची गाडी घसरून नेमकी आमच्या दारासमोरच्या ढिगाऱ्यात रुतली. गाडी ओढून काढणाऱ्या टो-ट्रकला तीन तास लागणार होते. चहा झाला, पोहे झाले, आणि हा पठ्ठ्या घर बघत बघत बेसमेंटमध्ये उतरला. टेबलावरची वही त्याने उघडली आणि आधी मजकुराकडे नाही, अक्षराकडेच बघत राहिला. "भाल्या, तू आधी दोरी बांधतोस आणि मग कपडे वाळत घालतोस?" म्हणाला. खरंच आहे ते. आमच्या मास्तरांनी मला ओळीची शिरोरेषा आधी सरळ मारून घ्यायची आणि मग खाली अक्षरं अडकवायची असं शिकवलं होतं, ती सवय ड्रॉइंग बोर्डावर आणखी पक्की झाली. इतरांचं लिहिणं याच्या उलट असतं. अच्युतने पानं उलटली, एक रिकामी बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि म्हणाला, "सांग."

आठ वर्षांत मला कुणी 'सांग' म्हटलं नव्हतं. मग काय, बांध फुटला. अथेन्सची सभा कशी उघड्यावर भरायची आणि कुंभार असो, वल्ही मारणारा असो, नागरिक असला की त्याला उठून बोलायचा हक्क कसा होता. पाचशे जणांचं मंडळ वर्षभर कारभार कसं पाहायचं आणि बहुतेक अधिकारी मतांनी नव्हे, चिठ्ठ्या टाकून कसे नेमायचे, का तर चिठ्ठीची खुशामत करता येत नाही. आणि मग खापरांचा कायदा. वर्षातून एकदा सभेला विचारायचं, कुणाला हद्दपार करायची गरज वाटते का? हो म्हणाले तर ठरल्या दिवशी प्रत्येकाने फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव कोरून आणायचं. पुरेशी खापरं जमली की ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याने दहा वर्षं शहराबाहेर जायचं. आरोप नाही, खटला नाही, घर-जमीन त्याचीच राहायची. फक्त तो तिथे नसायचा. ज्याच्यावर हा प्रसंग आला असा एक गृहस्थ होता, त्याला सगळे 'न्यायी' म्हणत. मतदानाच्या दिवशी एका अडाणी खेडुताने त्याला न ओळखता त्याच्याच हातात खापर दिलं आणि त्याचंच नाव लिहून दे म्हणाला. त्याने तुझं काय वाकडं केलंय, असं विचारल्यावर खेडूत म्हणाला, काही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, ऐकून कंटाळा आला. त्याने मुकाट्याने आपलं नाव लिहून दिलं.

"आणि हेही ऐक," मी म्हणालो. "एका विहिरीत खापरांचा ढीग सापडला. सगळ्यांवर एकाच पुढाऱ्याचं नाव, आणि अक्षर मात्र मोजक्या दहा-पंधरा जणांचं. म्हणजे कुणीतरी आधीच कोरून वाटायला ठेवली होती." अच्युत मांडीवर थाप मारून हसला. मग एकदम गंभीर होऊन त्याने विचारलं, "दहा वर्षं म्हणजे पुरी दहाच का रे?" मी सांगितलं, तसं नाही, इराणचा बादशहा चालून आला तेव्हा लोकांनी त्या न्यायी माणसाला मुदतीआधीच परत बोलावून घेतलं. "हे बरं आहे," तो म्हणाला. "चूक सुधारता येत होती." टो-ट्रक येऊन हॉर्न वाजवत होता तरी हा उठेना. जाताना म्हणाला, "इतकी वर्षं हे तू एकटाच खात बसला होतास?" त्या दिवशी मला तो जगातला सगळ्यांत चांगला माणूस वाटला.

तीन महिन्यांनी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये, अच्युत उभा राहिला आणि अथेन्सवर बोलला. हातात चिठोरा नाही. तो वल्हेकऱ्याची नक्कल करायचा, सभेत पेंगणाऱ्या म्हाताऱ्याची करायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, अथेन्स म्हणजे मिरजेच्या पुढचं स्टेशन. पोरं, जी एरवी मराठी कार्यक्रमात पिंग-पाँग खेळायला पळतात, ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. आणि सुरुवातच त्याने अशी केली, "आज जे सांगणार आहे ते सगळं मला भालूने शिकवलंय." लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं, टाळ्या वाजवल्या, आणि पुन्हा त्याच्याकडे वळले. तेवढं जरी तो म्हणाला नसता तरी चाललं असतं, निदान मला त्याच्यावर उघड रागावता तरी आलं असतं. त्याने तीही सोय ठेवली नाही.

मग व्याख्यानांची मालिकाच सुरू झाली. स्लाइड्स तो कुठून कुठून मिळवायचा आणि प्रोजेक्टर चालवायला मी. हॉलच्या मागच्या टोकाला, अंधारात, बोट बटणावर. त्याने "पुढची" म्हटलं की मी पुढची करायचो. एकदा पडद्यावर ॲक्रोपोलिस होतं आणि तो म्हणाला, "इथे, या टेकडीवर, अथेन्सची सभा भरायची." मला काय झालं कुणास ठाऊक, मी अंधारातून मोठ्याने बोललो, "इथे नाही. प्निक्सवर. ती समोरची वेगळी टेकडी." लोकांना राग आला तो चुकणाऱ्याचा नाही, माझा. अच्युतने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, "म्हणूनच त्याला मागे बसवलाय. मी अंधारात चाचपडायला लागलो की तो दिवा लावतो." सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना गाडीत शैला म्हणाली, "तुम्ही मध्येच बोलायला नको होतं." मीरा मागच्या सीटवरून म्हणाली, "अच्युतकाका इज सो मच मोअर फन, बाबा." मी ड्राइव्ह करत राहिलो.

मलाही एकदा बोलायला दिलं होतं, नाही असं नाही. विषय होता अथेन्सची राज्यघटना. मी तक्ते केले, झेरॉक्स काढून वाटले. दुसऱ्या तक्त्यापर्यंत मुलं बाहेर गेली, तिसऱ्याला त्यांना शोधायला आया गेल्या. जोशीकाकूंनी एकच प्रश्न विचारला, "बायकांना मत होतं का?" मी म्हणालो, नव्हतं, आणि गुलामांनाही नव्हतं. "मग कसली मेली लोकशाही," म्हणून काकू पुरणपोळ्या गरम करायला उठल्या. शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसून वहीत टिपणं घेत होता तो एकटा अच्युत. त्याने झोप काढली असती तर मी त्याला माफ केलं असतं.

पुढे मंडळाच्या निवडणुकीत भांडणं झाली, तेव्हा याने चिठ्ठ्या टाकायची कल्पना काढली. अध्यक्षपदाची चिठ्ठी जोशीकाकूंच्या नावाची निघाली, आणि गेल्या चार वर्षांत आमचं मंडळ इतकं गुण्यागोविंदाने चाललंय की बॉस्टनची मंडळी विचारायला येतात. ती कल्पना माझ्या चौथ्या वहीत आहे, पण श्रेय कुणाला, तर अच्युतला. हे असं चालू असताना गेल्या वर्षी मे महिन्यात तो एक निळं एरोग्राम घेऊन आमच्याकडे आला. त्याची बहीण त्याच्या भाषणांच्या कॅसेट्स पुण्याला घेऊन गेली होती, त्या ऐकून एका प्रकाशकाने पत्र पाठवलं होतं... ग्रीसवर मराठीत पुस्तक लिहा. ते अकरा वह्यांचं पुस्तक हो. जे मी रिटायर झाल्यावर लिहिणार होतो. अच्युत म्हणाला, "आपण दोघे मिळून करू. तू लिही, मी नुसत्या गप्पा मारतो." मी म्हणालो, "बघू." तो गेल्यावर मी खाली बेसमेंटमध्ये जाऊन कितीतरी वेळ दिवा न लावता बसलो. मला त्याचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. फक्त एक वर्ष... एक वर्ष त्याने बोलू नये, एवढंच वाटत होतं.

आणि दैवाची करणी बघा, त्याच जूनमध्ये अच्युतनेच टूम काढली. जुलैच्या पिकनिकला आपण खापरांचं मतदान घेऊ. ज्याचं नाव सर्वांत जास्त निघेल तो एक वर्ष मंडळातून हद्दपार. गाणं नाही, भाषण नाही, पंगत नाही. बायकांना मत, सोळा वर्षांवरच्या पोरांना मत, अथेन्सपेक्षा आपण पुढे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोशीकाकूंनी हिवाळ्यात तडकलेल्या मातीच्या कुंड्या दिल्या आणि त्या फोडून तुकडे करायचं काम जाणकार म्हणून माझ्याकडे आलं. मी गॅरेजमध्ये हातोडी घेऊन बसलो. सत्तर-ऐंशी तुकडे केले. त्यातले सतरा बाजूला ठेवले, खिळा घेतला आणि प्रत्येकावर आधी सरळ रेघ मारून खाली कोरलं, अच्युत. त्याने फार तर तीन-चार मतं मिळवली असती, तीही प्रेमाची. मला पक्कं काम हवं होतं. विहिरीतली खापरं मला माहीत होती, आणि अख्ख्या श्रूजबरीत ती माहीत असलेला दुसरा माणूस एकच होता, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. एरवी दुसऱ्याची टेकडी दुरुस्त करणारा मी.

पिकनिक तळ्याकाठच्या पार्कात होती. जेवणं झाल्यावर लोक गवतावर बसून हसत हसत कोरत होते, नवरे बायकांची नावं, बायका नवऱ्यांची, कुणी आपल्या बॉसचं. मत गोळा करायला कापडी पिशवी घेऊन मी फिरलो. पिशवी माझीच, तळाशी सतरा आधीपासूनच होती. एकूण माणसं किती आणि खापरं किती हे कुणी ताडून पाहिलं नाही. मोजायला अच्युत आणि जोशीकाकू बाकावर बसले. अच्युत एकेक खापर काढून नाव वाचत होता. काकूंच्या सावर क्रीमच्या श्रीखंडाला सहा मतं पडली, काकूच सगळ्यांत जास्त हसल्या. मग "अच्युत," तो म्हणाला, "अच्युत... पुन्हा अच्युत." लोक हसत होते. पाचव्या की सहाव्या खापराला तो थांबला. ते त्याने उन्हाकडे वळवलं, जरा तिरकं धरून पाहिलं. मग बाकावरची आपल्या नावाची खापरं उचलून घेतली, पुढची भराभर वाचली, आणि आपल्या नावाचं प्रत्येक खापर बाकावर न ठेवता आपल्या गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकत गेला. काकू म्हणाल्या, "बघू तरी, कुणी कुणी लिहिलंय ते." तो म्हणाला, "गुप्त मतदान आहे, काकू." माझ्याकडे त्याने बघितलं नाही. बावीस मतं. तेव्हा चेष्टेचं काहीतरी भलतंच झालं असं वाटून कुणीतरी म्हणालं, "अरे सोड यार, गंमत होती." अच्युत उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "नियम म्हणजे नियम. आपण अथेन्सची माणसं."

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या सगळ्या खापरांत माझं नाव एकदाही निघालं नाही. हद्दपार करावं इतकाही मी कुणाला खुपत नव्हतो. जिंकलेल्या दिवशी मला घरी गेल्यावर झोंबत राहिलं ते हेच.

त्याने वर्ष पाळलं. गणपतीला बायकोला, नलूवहिनींना, सोडायला यायचा, पार्किंगमध्ये गाडीतूनच हात करायचा आणि परत जायचा. दिवाळीला तसंच. प्रकाशकाला त्याने कळवून टाकलं, वर्षभराने बघू. मला हवं होतं ते सगळं मिळालं. हॉल मिळाला, पडदा मिळाला, प्रोजेक्टर चालवायला शैला बसली. पहिल्या व्याख्यानाला तीस माणसं होती, चौथ्याला नऊ, त्यातली चार आमच्याच घरची आणि शेजारची. लोक माझ्या भाषणात त्याच्या नकला आठवून आपापसांत हसायचे. मी टेकड्या बरोबर सांगत होतो आणि कुणाचंही लक्ष नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोशीकाकूंनी शेवटी विषय काढलाच. तिळगूळ वाटता वाटता म्हणाल्या, "पुरे झालं आता. त्या अच्युतला बोलवू या परत. भालू, तुला माहीत असणार, त्या अथेन्समध्ये मुदतीआधी परत बोलवायचे का रे कुणाला?" वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. मला उत्तर माहीत होतं. वही, पान, ओळ, सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "नाही, काकू. तशी पद्धत नव्हती." आयुष्यात ग्रीसविषयी मी बोललेलं हे एकच खोटं. काकू "अस्सं" म्हणाल्या आणि तिळगुळाचा डबा पुढे सरकवला. नंतर कळलं की त्यांनी घरी जाऊन अच्युतला फोन केला होता, भालू असं असं म्हणतो म्हणून. तो म्हणाला, "भालूला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, काकू. तो म्हणतो तर तसंच असेल."

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. मुदत संपायला सहा आठवडे होते. ते वर्ष त्याचं शेवटचं आहे हे कुणाला माहीत होतं... मला माहीत नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूने धरा. पण त्या दिवसापासून एकाच प्रश्नाने माझं डोकं पोखरलं. उन्हात धरलेल्या त्या खापरावर त्याने काय वाचलं? त्याला माझं अक्षर कळलं होतं का?

गेल्या शनिवारी नलूवहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांची ग्रीसची पुस्तकं घेऊन जा. इथे कोण वाचणार?" दुपारी गेलो. त्याची खोली उजेडाची, खिडकीत एक खुर्ची. पुस्तकं वहिनींनी खोक्यांत भरून ठेवली होती. खोक्यांच्या वर एक निळा गोल डबा होता, डॅनिश बिस्किटांचा, आपल्याकडे प्रत्येक घरात सुईदोरा ठेवायला असतो तसला. वहिनी म्हणाल्या, "हेही तुमचंच आहे." मी झाकण काढलं. आत माझी सतरा खापरं, धुऊन पुसून, कापसावर एकाशेजारी एक ठेवलेली. सतरा सरळ रेघा. मी डबा घेऊन त्याच्या खुर्चीत बसलो.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पिकनिकहून आल्या दिवसापासून. सिंकपाशी उभं राहून धूत होते. मी म्हटलं, हा कचरा कशाला? म्हणाले, भालूचं अक्षर आहे, टाकवत नाही."

"मग त्याने मला विचारलं का नाही? वहिनी, तुम्ही वर्षभर आमच्याकडे येत होता, चहा घेत होता..."

"मी रागावले होते. अजून आहे," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पण ह्यांनी निक्षून सांगितलं होतं, तू काही बोलायचं नाहीस. तो स्वतः येऊन सांगेल. तो आला की मग मी त्याला माझं दाखवेन."

"माझं म्हणजे?"

त्यांनी डब्यातला कापूस उचलला. खाली आणखी एक खापर होतं, अठरावं. त्यावर डॉक्टरी, तुटक, घाईच्या अक्षरात दोनच अक्षरं. भालू. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी मारलेली, वाकडी.

"हे त्यांचं स्वतःचं मत," वहिनी म्हणाल्या. "पिकनिकला यांनी हे लिहून तुमच्या पिशवीत टाकलं. मोजताना हाताला लागलं तेव्हा लाज वाटली म्हणे, वाचलंच नाही, तसंच बॅगेत टाकलं. प्रत्येक भाषणाच्या आधी हे तुम्हाला घाबरायचे, माहितीये तुम्हाला? म्हणायचे, तो मागे अंधारात बसलेला असतो आणि त्याला सगळं मुळापासून माहीत असतं. मी म्हणजे नुसता आवाज. एक वर्षभर याला कुठेतरी पाठवून द्या, म्हणजे मी मोकळेपणाने बोलेन... तुमची सतरा बघून मात्र खो खो हसत सुटले होते. आम्ही दोघेही एकाच मातीचे निघालो म्हणाले. रोज सकाळी चहा घेताना इथे बसायचे आणि गाडी वाजली की खिडकीतून बघायचे." कापूस परत डब्यात ठेवत त्या म्हणाल्या, "तुम्ही आला नाहीत." मग त्या खोक्यांना दोरी बांधायला लागल्या, आणि मी दोरीवर बोट धरलं, गाठ मारून होईपर्यंत.

तुम्ही हे वाचताय ती वर्तमानपत्राची पुरवणी इथे आठ-दहा दिवसांनी पोस्टाने येते, जोशीकाकूंच्या पत्त्यावर. काकू वाचतात आणि मग ती चाळीस घरं फिरते. म्हणून हे इथे लिहितोय, समोर उभं राहून सांगायचं धैर्य मला होत नाही. काकू, संक्रांतीला तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. मुदतीआधी परत बोलवत असत. त्या न्यायी माणसाला बोलावलं होतं, आणि तो आला होता. तिसरी वही, शेवटचं पान, कुणालाही येऊन बघता येईल. हे छापून येईल तोवर अच्युतचं वर्षही पुरं झालेलं असेल.

सतरा खापरं मी बेसमेंटमध्ये वह्यांशेजारी ठेवली आहेत. अठरावं इथे, लिहायच्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवलंय असं शैलाला सांगितलं, तिने मान हलवली. दिवसातून चार वेळा तरी ते हातात घेतो. जगात कुणालातरी माझा हेवा वाटत होता, आणि तो माणूस अच्युत होता, याचा मला इतका आनंद होतो की त्या आनंदाचीच शरम वाटते. आणि मग जुनी खोड जात नाही, त्याच्याशी बरोबरी करायला बसतो. मला सतरा लागली. त्याला एक पुरलं होतं, आणि तेही त्याने वाचून दाखवलं नाही.